बाईंसाठी हमीपत्र

३ मार्च, रविवार

ठराव झाला. पुढच्या महिन्यापासून आमची चर्चची मंडळी परदेशातून काही घेणार नाही. ना पैसा, ना औषध, ना माणूस. वाचून दाखवला कोणी? माझ्याच मुलाने. मंडळीचा चिटणीस ना तो! आठवडाभर पंपाच्या कारखान्यात नट आवळतो, रविवारी आम्हाला आवळतो.

पाळकांचा उपदेशही तोच. देश आपल्या पायावर उभा राहतोय, मग आपण ख्रिस्ती लोकांनीच का पांगळं राहायचं? बायबलातला प्रेषितसुद्धा तंबू शिवून पोट भरत होता म्हणे. भरत असेल. पण गावोगाव उतरायला लोकांच्याच घरी जायचा ना?

परदेशी माणूस आमच्यात एकच — दवाखान्याच्या बाई. एकेचाळीस वर्षं इथे काढली. पुढच्या बाकावर बसून तिनेही ठरावाला हात वर केला. वाटलं असेल, फक्त नवा माणूस घेणार नाहीत. भोळी.

५ मार्च, मंगळवार

दवाखान्याच्या चादरी वाळत घातल्या. बत्तीस वर्षं धुतेय. चादरींवर नंबर घालता यावेत म्हणून बाईने मला अक्षरं शिकवली. तेवढ्यावरच ही वही चालते.

विचारलं, बाई, त्या ठरावाचं काय? म्हणाली, ठराव चांगला आहे. आणि आपली बादली आपणच उचलून निघाली. या बाईने कोणाकडून कधी कपभर चहा घेतला नाही. ताप आला की दार लावून घेते. देण्यात मात्र हात आखडत नाही.

८ मार्च, शुक्रवार

सून सांगत आली — बाईंचा इथे राहायचा परवाना ३१ तारखेला संपतोय, पुढे वाढणार नाही. म्हणजे देश सोडायचा! सत्तरी ओलांडलेली बाई. भाऊ होता, तोही वारला. तिकडे जाऊन कोणाचं दार वाजवणार?

सून त्याच दवाखान्यात नर्स आहे. अकरा वर्षांत बाईने तिच्या हाती औषधाच्या कपाटाची किल्ली दिली नाही, हे खरं. पण म्हणून आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? तोंडावरच बोलले. ती चिडली नाही. म्हणाली, "आई, परवा त्यांनी डोळ्यात घालायला कानाचं औषध काढलं होतं. मी बघितलं म्हणून निभावलं."

मग काय, चुकलं की हाकलायचं? या हिशोबाने मी केव्हाच हद्दपार झाले असते.

जेवताना मुलाला सरळ विचारलं. ठराव सरकारी ऑफिसात कळवणारा तूच ना? तो ताटात बघत राहिला. सून त्याच्याकडे बघत राहिली. मूग गिळून बसला, तेव्हा समजायचं ते मी समजले.

१० मार्च, रविवार

आज प्रभुभोजन होतं. मनात मुलाचा राग धरून त्या मेजाजवळ कशी जाऊ? बसून राहिले. सगळी मंडळी वळून वळून बघत होती.

चर्चसमोरच्या चौकात नवा फलक लावलाय — आम्ही कोणापुढे हात पसरणार नाही. तो वाचून आत यायचं आणि प्रभूच्या भाकरीसाठी दोन्ही हात पसरून रांगेत उभं राहायचं. कोणालाच काही वाटलं नाही. मलाच का वाटावं?

देवाला विचारलं. तोही चिटणिसासारखा गप्प.

१३ मार्च, बुधवार

भांडण. सगळी आळी ऐकत होती.

मुलगा म्हणाला, "एकेचाळीस वर्षं एक परकी बाई आपल्या जखमा बांधतेय. अजून आपल्याला त्या बांधता येत नाहीत, याची लाज नाही वाटत तुला?"

"वाटते. पण लाज माझी, मग घराबाहेर बाई का?"

"आई, परक्यावर किती दिवस जगायचं?"

"येशूला कुठून आणलंस रे? आपल्या गल्लीत जन्मला होता का?"

ते वेगळं, म्हणाला. अडलं की सगळं वेगळंच असतं यांचं.

पण जखमेचं बोलला ते मनात रुतलंय. खोटं नाही बोलला. म्हणूनच जास्त राग येतो.

१६ मार्च, शनिवार

पाळकांच्या बायकोने कानात सांगितलं — इथल्या नागरिकाने राहण्या-खाण्याची हमी लिहून दिली, तर परवाना वाढतो. मंडळीत कोणी देईना. ठरावाला हात वर केलेत ना सगळ्यांनी. तेच हात आता सही कशी करतील?

माझा हात मी वर केला नव्हता.

१९ मार्च, मंगळवार

हमीपत्र भरलं. अर्धा दिवस गेला, दोन कागद फुकट गेले. राहणार कुठे — माझ्या खोलीत. खाणार काय — मी खाते ते. नातं काय? इथे अडले. शेवटी लिहिलं, एका दवाखान्यातले.

मुलाला दाखवलं. चिटणीसपण जाईल म्हणून ओरडेल वाटलं. त्याने कागद दोनदा वाचला. म्हणाला, "दे ऑफिसात. पण आधी बाईंना विचार."

म्हटलं, तू विचारलं होतंस का, घालवताना?

उठून गेला.

२० मार्च, बुधवार

कारकुनाने फाइल काढली. बाईला जा असं कोणी म्हटलंच नव्हतं. परवाना वाढवू नका, हा अर्ज तिचाच. जानेवारीतला, ठरावाच्या आधीचा. कारण — 'डोळे जात आहेत. इथे कोणावर ओझं व्हायचं नाही.' खाली साक्षीदाराची सही माझ्या मुलाची. बाईला शब्द दिला असणार. बारा दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या गाढवाने, पण तोंड उघडलं नाही.

हमीपत्रावर बाईचीही सही लागते. तसाच कागद घेऊन तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, "बत्तीस वर्षं तुमच्या ओल्या चादरी उचलतेय. ओझ्याचं मला नका सांगू."

तिने पेन घेतलं. तिला रेघ दिसेना. मी तिचं बोट धरून रेघेवर ठेवलं. तिने सोडवून घेतलं नाही.