दादाचा पाय क्लचवर

३ जानेवारी
आज गावापासून इतक्या लांब, खिदिरपूरच्या गोदीजवळच्या यार्डात रुजू झाले! घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिलीच नोकरी दादा ज्या वाहतूक कंपनीत ट्रक चालवतो तिथे. गाड्यांची देखभाल आणि सुरक्षा माझ्याकडे. मी शिकावं म्हणून विहंगदादाने दहावीनंतर स्टिअरिंग धरलं. आज तो यार्डभर सांगत फिरला, की ही आता माझी साहेब, हिला सलाम ठोका. चौदा अंशांतच इथे सगळ्यांनी माकडटोप्या चढवल्या आहेत. दादाने मलाही एक आणून दिली. लाल.

७ जानेवारी
उतारावर उभा ट्रक परवा घरंगळला. म्हणून मी माझा पहिला नियम केला: उभी गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवायची. मेकॅनिक मंडलदांनाही पटला. थंडीने क्लच जड झाल्याची सगळ्यांचीच तक्रार आहे. दादा म्हणतो, सकाळी पेडलही पांघरुणातून बाहेर यायला कुरकुरतं, अगदी तुझ्यासारखं.

१४ जानेवारी
संक्रांत. गोदीतली रांग हलत नव्हती, त्यामुळे सळ्या भरलेला दादाचा ट्रक आठवडाभर धुक्यात उभाच होता. आज निघतोय. वर्षाच्या पहिल्या खेपेला आई गावी ट्रकला समोरून ओवाळायची, इंजिन सुरू होत असताना. इथे ते काम माझं. ताट तयार आहे. दादा ओरडतोय, "मंजे, ओवाळतेस की ट्रकशी लग्न लावतेस?" जाते.

१९ जानेवारी
दादा गेला.
मी ताट घेऊन बंपरसमोर उभी होते. त्याने क्लच दाबून किल्ली फिरवली आणि ट्रक माझ्या अंगावर आला. त्याने स्टिअरिंग खांबाकडे पिळलं. मी वाचले. ट्रक खांबावर आदळला आणि मागच्या सळ्या केबिन फोडून आत घुसल्या.
मंडलदांनी क्लच खोलून प्लेट सुटी केली आणि सांगितलं, दमट गारठ्यात ती गंजून इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल तळाला गेलं, पण इंजिन चाकांपासून सुटलंच नाही. ट्रक गिअरमध्ये नसता तर जागचा हललाही नसता.
गिअरचा नियम माझा. आईला अजून सांगितलेलं नाही.
बाहेर काढेपर्यंत त्याचा पाय क्लचवरच होता.

२३ जानेवारी
ट्रक मागच्या शेडमध्ये आहे. सकाळी त्यात जाऊन बसले, त्याच्या शेजारच्या सीटवर. गारठा होता. क्लचचं पेडल आपोआप खाली गेलं. तळापर्यंत. उन्हं शेडमध्ये आली तेव्हा सावकाश वर आलं.
ऑइल गळत असेल, असं मी मंडलदांना म्हटलं. ते म्हणाले, गळत नाहीये दीदी. मग म्हणाले, तिथे जाऊ नका.

२४ जानेवारी
पुन्हा गेले. पेडलला हात लावला. रबर कोमट होतं. दोन्ही हातांनी वर ओढलं, हललं नाही. नुसतं थरथरत होतं — फार वेळ दाबून धरलेल्या पायासारखं.
तो अजून ट्रक थांबवतोय.

२६ जानेवारी
त्याच्याशी बोलले. दादा, मी वाचले, सोड आता. ऐकत नाही. त्याची नजर पुढे असणार. त्याच्यासाठी मी अजून समोरच उभी आहे, ताट घेऊन —
भीती वाटते. थंडी सरली की तो येणार नाही, याची जास्त वाटते.

२७ जानेवारी
परवा ट्रक भंगारात जाणार. तोडतानाही तो दाबूनच — नाही. त्याआधी त्याला सुटायला हवं.
केबिनमधून ऐकू जात नसेल तर समोर उभी राहते. तिथे तरी दिसेन, धडधाकट. गिअर अजून पहिलाच आहे, पण बॅटरी काढलेली आहे, टाकी रिकामी आहे. घाबरायचं कशाला.

२८ जानेवारी
दाट धुकं. समोर उभी आहे. पाठीला शेडची भिंत. काचेतून काही दिसत नाही.
म्हटलं, दादा, बघ, मला काही झालेलं नाही. पाय काढ. दमलास तू.
आत काहीतरी हललं. ऐकलं. रडू येतंय, ऐकलं त्याने —

दिवे लागले.

इंजिन — बॅटरी नाही, तरी — बंपर थरथरतोय. अजून जागेवर आहे. म्हणजे क्लच अजून दाबलेला —

नको. मघाशी म्हटलं ते नको. दादा, सोडू नकोस, धर, दा