बाबांचं ताट मोडीत

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडण काही मिटत नाही. आज नात शाळेतून आली आणि मलाच शिकवायला लागली, की जमिनीतला धातू मोजकाच आहे, जुना वितळवून परत वापरायला हवा. मी म्हटलं, बाई गं, मला नको सांगूस, हे मी उल्हासनगरात रडून शिकले आहे.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि तू त्यांचं पितळेचं ताट पिशवीत घातलंस. कडेला चीर गेली होती, कल्हई धरत नव्हती, सगळं खरं. पण त्यांचं नाव कोरलेली घरात तेवढी एकच वस्तू होती. अंबरनाथपासून उल्हासनगरच्या कॅम्प चारपर्यंत मी तुझ्यामागून हुंदके देत चालले. घरची कळशी गळत होती, ताट मोडीत घालून नवी घ्यायची होती, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, पितळेची नको, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची घे, स्वस्त मिळेल, ताट राहू दे. भर रस्त्यात उखडलीस. “म्हंजे तिच्यासाठी आनिक जमीन खना, आन् हे घरी फडताळात निजवा? धातू काय भात हाय, दर साली पिकाया?” बदलापूरच्या शेतकऱ्याची लेक तू, तुझ्यापुढे कोण बोलणार!

फाळणीत सिंध सुटल्यावर इथल्या बराकीतच भांड्यांचं दुकान थाटलेले ते काका. त्यांनी ताटावरच्या नावावरून बोट फिरवलं. “बाई, इस पे नाम है. मेरे बाप का तो चमचा भी उधर रह गया. सोच लो.” परका माणूस विरघळला गं, आणि तू? “तोला, भाऊ.” त्यांनी हातोडीने ताट दुमडून मोडीच्या ढिगावर टाकलं. येताना नवी कळशी कमरेवर घेऊन तू पुढे ताडताड चालली आहेस, मी मागे, आणि मला तुझा इतका राग येतो आहे, की तहान लागली तरी मी सांगत नाही. पुढे त्या कळशीने आपल्या घराला पाणी पाजलं. बाबांचं पितळही कुणाच्या तरी घरी पाणी भरत असेल. तुझं बरोबर होतं, आणि माझी चिडचिड त्याचीच आहे.

जाताना तरी गप्प जायचंस! “माझा तांब्या ठेवू नको, मोडीत घाल,” म्हणालीस. अगं, त्याच्यावर तुझं नाव आहे. तळ गेलाय, घोटभर पाणी राहत नाही, नुसती जागा अडवून बसलाय. नातीने विचारलं तेव्हा सांगितलं, कधीच दिला. खोटं सांगितलं. नाही देणार मी, आई.