दंडासाठी वाकडा रॉड

१४ मार्च २०१६, सोमवार, सकाळी ६.४०
आईच्या शिवणटेपने दंड मोजत होतो. उजवा सव्वादहा इंच, डावा दहा. पोलीस भरतीत पुलअप्सला वीस मार्क आहेत. माझे दोन होतात, त्यातला दुसरा वादग्रस्त आहे. म्हणून घरीच व्यायाम. त्यासाठी कर्ल बार, म्हणजे मधे वाकवलेला रॉड. बजेट पाचशे. १२ जुलैला मला अठ्ठावीस पूर्ण होतील, मग फॉर्म भरता येत नाही. पण घाई माझ्या स्वभावात नाही. उदगीर जिल्हा होणार हे पक्के आहे. मी काम करतो त्या झेरॉक्सच्या दुकानात रोज दोघेतिघे सांगतात. जिल्हा झाला की एसपी ऑफिस, एसपी ऑफिस आले की नवी भरती. तोवर दंड तयार.

१९ मार्च
मोबाईलवर एकवीस बार पाहिले. तक्ता केला. तीन फुटी की चार फुटी? पंचवीस एमएम की अठ्ठावीस? एक बार ६४९ ला होता, पण जाहिरातीत बायसेप्सचे स्पेलिंग चुकलेले. ज्याला बायसेप्स लिहिता येत नाही त्याचा रॉड काय टिकणार?

२७ मार्च
बारा दिवसांनी टँकर आला. आईने घागरी न्यायला बोलावले. चुकीच्या अँगलने वजन उचलले तर स्नायू बिघडतो, हे तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि दोन्ही घागरी उचलून गेली.

४ एप्रिल
शेवटी खाजाभाईंकडे गेलो. ते खिडक्यांच्या ग्रिल करतात. वीस एमएमची सळई, वाकवून, ३८० रुपये. २५० दिले. डावा बाक उजव्यापेक्षा दोन बोटे खाली आला आहे. तक्रार केली. खाजाभाई म्हणाले, "दोनी बाजू एकसारक्या पायजे होत्या तर सरळच घ्यायचा की. वाकडा कशाला मागितलास?"
यावरचे उत्तर घरी आल्यावर सुचले, पण परत गेलो नाही.

९ एप्रिल
प्लेटा महाग आहेत. रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सिमेंट कालवून रॉडची टोके रोवली. सिमेंटला सात दिवस पाणी मारावे लागते. पहिला तांब्या घेतला तेवढ्यात आई आली. "माणसाला प्यायला न्हाई, अन् तू दगडाला पाजून राहिलास का?"
तांब्या परत माठात. विचार केला तर सात दिवस पाणी ही अट स्लॅबसाठी आहे. डब्यावर कोण राहणार आहे?

१७ एप्रिल
पहिला सेट. चौथ्या कर्लला डाव्या डब्यातले सिमेंट भुगा होऊन गळाले. डबा पायावर. अंगठा काळानिळा. आठ दिवस विश्रांती. स्नायू विश्रांतीतच वाढतो, असे वाचले आहे.

२२ एप्रिल
ताहेर दुकानात आला. शाळेत माझ्या मागे दोन वर्षे होता. हल्ली टँकरवर नळी धरतो, पहाटे पळतो, लिंबाच्या फांदीला लटकून अकरा पुलअप्स काढतो. कुठल्याही साधनाशिवाय. अशास्त्रीय आहे. त्याला लातूरच्या भरतीचा फॉर्म भरून हवा होता. अठ्ठावीसला मुदत संपते. मी भरून दिला. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सगळ्यांचे भरून राहिलास. तुजा कदी भरणार?"
मी सांगितले, एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होतोय, मी तिथला भरणार. त्याने विचारले, कोण म्हणतं? मी म्हणालो, लोक म्हणतात.
"लोकांनी लातूरचे फॉर्म भरलेत," ताहेर म्हणाला.

२८ एप्रिल, संध्याकाळी ६
आज एकतीस फॉर्म भरले. दोघांच्या वडिलांचे नाव चुकले होते, ते दुरुस्त केले. पाच वाजता मालकांनी विचारले, तुझा राहिला का? माझा फोटो, सही, दाखले सगळे स्कॅन करून फोल्डरमध्ये आहेत. मागच्या बाजूला जाऊन दंड मोजला. सव्वादहा. एवढ्या दंडावर लातूरला जाणे म्हणजे संधी वाया घालवणे. राहिला नाही, ठेवला, असे मालकांना सांगितले.

१ मे, रविवार
तहसीलच्या झेंडावंदनाला पुढे उभा राहिलो. चाळीस मिनिटे भाषण. टँकर, चारा छावणी, पुन्हा टँकर. जिल्ह्याचा शब्द नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, पंधरा ऑगस्टला नक्की. घरी येऊन बोटांवर मोजले. पंधरा ऑगस्ट बारा जुलैनंतर येतो. पुन्हा मोजले.

१२ जुलै, मंगळवार
अठ्ठावीस पूर्ण. दुपारी ताहेर पेढे घेऊन आला. भरतीच्या निवड यादीत त्याचे नाव आहे. यादीची प्रिंट मीच काढली. म्हणाला, "कागदात एक बी चूक निघाली न्हाई. तू भरलास म्हणून झालं, भाई." दोन पेढे दिले. आईने विचारले, आज कसले पेढे? मी म्हणालो, ताहेरचे. तिने एक खाल्ला.

हिशेब केला. रॉडचे दिले २५०. सिमेंट ५५. अंगठ्याचे मलम ४०. एकूण ३४५. खाजाभाईंचे देणे १३०, पण डाव्या बाकाचा वाद मिटलेला नाही, म्हणून ते धरले नाही. भरतीची फी ३५० होती, ती भरावी लागली नाही.
निव्वळ फायदा रुपये पाच.