कडुनिंबाचा वीतभर तुकडा

आबा, आज भंगारवाला माझ्या लग्नातलं कपाट घेऊन गेला. खालची फळी पाणी पिऊन पावासारखी फुगली होती, मधल्या फळ्या कपड्यांच्या ओझ्यानं वाकल्या होत्या, आणि बिजागरीचे स्क्रू भुशाच्या फळीत कुठवर धरणार, ते केव्हाच सुटले होते. दौंडच्या या घरात दहा-बारा वर्षं टिकलं, भुशाच्या मानानं पुष्कळच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बंबात घाल त्याला, निदान पाणी तरी तापंल." माझ्या घरात तुमच्या हातची एकही वस्तू नाही, आबा. सुताराच्या लेकीच्या घरात नाही. त्याचं कारण मला माहीत आहे आणि आज ते लिहायचं ठरवलं आहे.

मला फळ्यांच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तुम्ही शिरूरभर पेढे वाटलेत. सुताराची पोरगी लाकडाच्याच कामाला लागली म्हणून केवढा आनंद. मग पोरगी नक्की काय करते ते कळलं. "रंध्याखालचा कचरा गोळा करून त्याची फळी करत्यात व्हय?" मी कौतुकानं आणलेला नमुना तुम्ही बादलीत बुडवून ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसलेल्या चारचौघांपुढं वर काढलात. तो टम्म फुगला होता. "बघा, पोरीच्या फळीनं बाळसं धरलं!" सगळे खो खो हसले. लॅबमध्ये आम्हीही तेच करत होतो. तुकडा पाण्यात ठेवायचा, किती फुगला ते मोजायचं. दुसरा वाकवायचा, किती वजनाला मोडतो ते लिहायचं. तुम्ही मोजलं नाहीत, हसलात, एवढाच फरक. मला फार लागलं ते. पण मी तुमचीच मुलगी, राग बोलून न दाखवता आत मुरवणारी.

त्यानंतर महिन्याभरातच न्हावऱ्याचे मामा आले. नात्यानं कुणी नव्हेत, तुम्ही मामा म्हणायचात म्हणून मीही म्हणे. ते नवं घर बांधत होते आणि त्यांच्या वडिलांनी बांधावर लावलेल्या कडुनिंबाचीच चौकट त्यांना दाराला हवी होती. झाड कापून चार इंच जाडीचे नग आपल्या छपराखाली रचून ठेवलेले, प्रत्येकाच्या अंगावर तुमच्या हातानं खडूनं महिना लिहिलेला. आठ महिने झाले होते. तुमचा हिशेब इंचाला एक वर्ष असा. मामा म्हणतात, "आबा, म्हातारं लई थकलंय. त्याच्या डोळ्यादेखत चौकट उभी ऱ्हायली पायजे. पुढल्या आठवड्यात मुहूर्त हाय." तुम्ही एका नगाचं टोक उचलून तोलता, पेरानं ठोकता, टोकाचा वीतभर तुकडा करवतीनं काढून त्याचा वास घेता. "आजून पाणी हाय आत. आवाज बद येतोय. निदान हा उन्हाळा जाऊ द्या." माझ्या पिशवीत लॅबचं ओल मोजायचं यंत्र होतं. डबीएवढं, पुढं दोन सुया. लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. मी म्हणाले, "थांबा, मी सांगते." नगाच्या पाठीवर सुया टोचल्या. बारा आला. "बारा टक्के. वाळलंय मामा, खुशाल करा." मामांनी तुमच्याकडं बघितलं. "पोरगी शिकलेली हाय, आबा. मिशिन काय खोटं बोलंल व्हय?" तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि मापं घ्यायला लागलात.

मुहूर्तावर चौकट उभी राहिली. उंबरठ्याला हळदकुंकू, वर बांधलेला नारळ, आणि पाटावर बसवून तुम्हाला टॉवेल-टोपीचा मान. म्हातारबाबांनी दोन्ही हातांनी चौकट चाचपली, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. तुम्ही टोपी घातलीत, पण पंगतीत बसूनही तुम्ही चौकटीकडंच बघत होतात.

चैत्रात डावी बाजू पिळली. दार लागेना. उंबरठ्यात बोट जाईल एवढी चीर पडली. नव्या घराची चौकट फुटली म्हणजे त्या घराचं काय काय होणार, हे सांगायला गावात माणसांची वानवा नसते. मामा दुकानात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, तुमच्या हातून असं व्हावं?" मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. बोलायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." मामांची नजर माझ्याकडं वळली, तशी तुम्ही घाईनं म्हणालात, "मिशिन वरचं वरचं सांगतं. आतलं सांगायचं काम माझं व्हतं." मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

माझ्या कपाटासाठी तुम्ही दहा वर्षं माळ्यावर सागवान वाळवत ठेवलं होतं. त्याची नवी चौकट करून न्हावऱ्याला बसवून आलात. कडुनिंब निघताना म्हातारबाबा रडले, एवढंच सांगितलंत. त्यानंतर त्या बाजूचं एकही काम आपल्याकडं आलं नाही. माझ्या लग्नात मी कारखान्याचं कपाट घेतलं. तुम्ही त्याचं दार एकदा उघडलंत, लावलंत, आणि म्हणालात, "बरं हाय. हलकं हाय." तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेही एका दिवसात, काही बोलायला वेळ न देता. वेळ मिळाला असता तर मी बोलले असते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

तुमची हत्यारांची पेटी धाकट्या भावानं दिवाळीत इथं आणून ठेवली होती. कपाट गेलं, कोपरा मोकळा झाला, म्हणून आज ती तिथं सरकवली आणि पहिल्यांदा उघडली. रंध्याच्या खाली मानाचा तो टॉवेल, घडीही न मोडलेला, आणि त्यात गुंडाळलेला कडुनिंबाचा वीतभर तुकडा. खडूचा महिना अजून पुसट दिसतो. कापलेल्या तोंडावर, अगदी मधोमध, सुयांची दोन भोकं आहेत.

मामांना निरोप द्यायला तुम्ही रस्त्यापर्यंत गेला होतात, तेव्हा मी हा तुकडा उचलून त्याच्या गाभ्यात यंत्र टोचलं होतं. सव्वीस आला होता. लॅबमध्ये असं लाकूड मी परत पाठवलं असतं. हाक मारली असती तर मामांना ऐकू गेली असती, एवढ्यावरच होते ते. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि तुकडा होता तिथं ठेवला. म्हणजे यंत्र वरचं वरचं सांगत नव्हतं, आबा. त्यानं आतलंही सांगितलं होतं, मलाच सांगितलं होतं. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. "चुकलं माझं" म्हणताना ठाऊक होतं की नंतर कधीतरी ही भोकं दिसली, ते आता कोण सांगणार?

हे पत्र पेटीतच ठेवते आहे, टॉवेलाखाली. मघाशी तुकडा पेरानं ठोकून पाहिला. खडखडीत वाळला असणार. मला आवाजातलं काही कळत नाही. आकडा वाचायला मी चुकले नव्हते. त्या बादलीचा राग होता, आबा. एवढाच होता.