ब्रॅकेटखालची भेग

प्रिय दादा,

दोनदा लिहायला बसले नि दोनदा उठले. ड्रिल खाली ठेवून किती वेळ झाला, तरी हात झिणझिणताहेत.

आपला ट्रक खोललाय. भंगारवाला न्यायला आला होता. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये चासीचा लोखंडी सांगाडा उघडा करून बसले. गंजकी ब्रॅकेटं काढून नवी बसवायची म्हणाले. त्यांचे हात आता कापतात, म्हणून रिव्हेट काढणं माझ्या गळ्यात पडलं. आधी ग्राइंडरनं डोकं घासायचं, मधोमध खूण करून ड्रिल मारायचं, मग पंच ठेवून हातोड्यानं ठोकायचं. गॅसकटरनं चटकन झालं असतं, पण तापवलं की चासी कमजोर होते म्हणे. मी मारलेलं भोक जरा तिरकं गेलं की आईकडे तक्रार. घरात एवढा आवाज बऱ्याच वर्षांनी झाला.

काल पुढच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंग-पाट्याचं ब्रॅकेट घेतलं. शेवटचा रिव्हेट हटेना. बाबा खेकसले, मीही खेकसले, आणि तो सुटला तसं ब्रॅकेट धाडकन खाली आलं. मागे चासीला वीतभर भेग, आणि भेगेच्या आत झिरपलेला निळा रंग. मला काही उमगलं नाही. बाबांना उमगलं. तो रंग त्यांनीच दिला होता, तुझ्या अपघाताच्या आधी. नंतर गाडीला ब्रश लागलाच नाही. म्हणजे भेग तेव्हाही होती. तू प्लास्टरमधला पाय घेऊन सांगत होतास की गाडी आपोआप डावीकडे ओढली गेली, आणि बाबा चारचौघांत म्हणत होते की तुला डुलकी लागली.

भेगेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "पोरगं खरं बोलत होतं."

जेवले नाहीत. आज दिवसभर शेड ते ओटा येरझाऱ्या चालल्यात. फोन उचलतात, ठेवतात. मलाही एका जागी बसवत नाही.

पुढच्या रविवारी ते तुझ्याकडे यायला निघताहेत, एकटेच. तुला कळवायचं नाही अशी तंबी आहे मला. पण मी त्यांना ओळखते. दारात उभे राहून तुझ्या पायाची चौकशी करतील, रस्त्यांना नावं ठेवतील आणि बोलायला आलेलं गिळून मागे फिरतील. तुला वाटेल, म्हातारा उगाच आला. म्हणून आधीच लिहिलं. त्यांना घाई करू नकोस. आत घे, बसव.

तुझीच, जिवाला घोर लागलेली
धाकटी