आईंचा चिनी काढा

अहो,

तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवते. आईंना घेऊन रिक्षाने श्रीवर्धनला डॉक्टरांकडे चालले आहे. सकाळपासून त्यांना कोऱ्या चहासारखी काळपट लघवी होते आहे आणि पायही सुजलेत.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. पनवेलला एक बाई चिनी औषधं देतात, त्यांच्याकडून दोन महिन्यांपूर्वी मी काढ्याच्या पुड्या आणल्या. सहा वर्षं गोळ्या घेऊनही आईंची लघवीची जळजळ थांबली नव्हती, हे तुम्ही पाहिलंच आहे. काढ्याने ती थांबली. परवा त्या देवळात आरती संपेपर्यंत उभ्या होत्या, मध्ये एकदाही लघवीसाठी घरी धावत आल्या नाहीत. मला इतका आनंद झाला होता! पण पुडीत काय काय असतं, ते त्या बाईंना मी कधी विचारलंच नाही. आता त्याचीच भीती वाटते आहे.

आई म्हणतात, "डाक्टरला काढ्याचं सांगू नको गो, तो बंद करील. मला परत तसं जगायचं न्हाय." मी हो म्हटलंय. पण उरलेल्या पुड्या पर्समध्ये घेतल्या आहेत आणि डॉक्टरांना दाखवणार आहे.

आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना दीड वाजता जेवायला वाढा. आमटी झाली आहे, भात तेवढा लावा. मग लगेच निघून या. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण आईंजवळ तुम्ही बसा. मी सांगितल्यावर त्या माझ्याशी बोलणार नाहीत.

प्रणाली