ऑक्टोबर छाटणी, अण्णा नगर

४ ऑक्टो.
टी. नगरहून दिवाळीच्या साड्या घेऊन दमून आले. गच्चीत बघते तर द्राक्षाचा वेल उघडाबोडका. आई (माझ्या नवऱ्याच्या, नि.च्या; म्हणजे माझ्या सासूबाई) पाटावर बसून उरलीसुरली पानं खुडत होत्या. तासगावहून काडी आणून तीन वर्षं ड्रममध्ये वाढवला मी. द्राक्ष एक नाही लागलं, पण सावली तरी होती. तोंड उघडलंच नाही. उघडलं असतं तर महाभारत.
नि. म्हणे, "असू दे गं. आल्यापासून पहिल्यांदाच कशाला तरी हात लावलाय तिनं." खरं आहे. न्हाणीत पडल्या म्हणून तासगावचं घर बंद करून इकडे तमिळ मुलखात आणलं, तेव्हापासून नुसत्या खिडकीशी. दिवाळी झाली की परत जायचं, एकच धोशा. तिकीटही काढायला लावलंय. तिकडे एकट्या, परत पडल्या तर...

७ ऑक्टो.
न राहवून आईंना विचारलं. पानं झाडाचं अन्न करतात ना, मग ती काढून वेल कसा सुधारणार?
"करत्यात की. पण पोट भरलेलं मानूस उठतंय व्हय कामाला? पानं काढली की डोळं जागं हुत्यात." डोळे म्हणजे काडीवरचे कोंब. मग माझी कात्री घेऊन काड्याही छाटल्या. व्हिडिओत एकजण सांगतो पानं काढा, दुसरा सांगतो हात लावू नका. दोघांचेही वेल हिरवेगार.

१० ऑक्टो.
कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकतंय. अंगावर एक पान नाही, मग हे वर ओढतंय कोण? बोटाने चाखलं. बेचव. तिथेच उभी. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही, वरणाचा लगदा.
खालच्या घरमालकीण अम्मा वाळवण न्यायला आल्या नि वेल बघून कपाळाला हात लावला. "अय्यो, मळै वरुम मा." पाऊस येणार, आत्ता कुणी कापतं का. आईंना पटेना. "ऑक्टोबरात कुटला पाऊस?" तासगावात पाऊस सरला की छाटणी. इथे तो आत्ता सुरू होतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नाही.

१६ ऑक्टो.
कालपासून धो धो. आई गच्चीच्या दारात. "माझंच चुकलं. हितलं मला काय कळत न्हाई. जाते आपली." या बाईच्या तोंडून 'चुकलं' कधी ऐकलं नव्हतं.
नि.ने ताडपत्री बांधली. दोरी पुरेना, तर अम्मांनी आपली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणून दिली.

२० ऑक्टो.
फुटला. वरचा डोळा. कापसासारखी लव, आत नखाएवढं गुलाबी पान घडी घातलेलं. त्या वाळक्या काडीत हे होतं?
आई म्हणाल्या, घडसुद्धा उन्हाळ्यातच आत बसलेला असतो, आत्ता नुसता भायेर येतोय. म्हणजे मी एप्रिलमध्ये वेलाशेजारी बसून पापड वाळवत होते तेव्हा... अंगावर काटा आला.
आई तासगावी बोलीत, अम्मा तमिळमध्ये, दोघी वाकून अर्धा तास बोलत होत्या. भाषांतराला मला कुणी बोलावलं नाही.

२९ ऑक्टो.
कोवळ्या पानासमोर मोहरीएवढ्या दाण्यांचा हिरवा झुबका. मी ओरडलेच, घड. आईंनी हात धरला. "आत्ताच म्हनू नगस. ऊन न्हाई, हवा पावसाळी. असल्यात घड जिरतोय नि त्याची बाळी हुती." बाळी म्हणजे आधार धरायचा नुसता तंतू. आठवडाभराने कळेल म्हणे.
पानं काढली म्हणून फुटला, की फुटायचाच होता? कुणाला विचारू. सकाळपासून चारदा बघून आले.
नि. हळूच म्हणाला, "आई, दिवाळी झाली. तिकीट परवाचं आहे." आई झुबक्याकडेच बघत होत्या.
"फुडं ढकल. घड ऱ्हातोय का बाळी हुती बघू, मग ठरवू."
आभाळ परत भरलंय. ताडपत्री घालावी तर ऊन नाही, काढावी तर पाऊस. आईंनी खिडकीजवळची खुर्ची उचलून वेलाशेजारी नेली आहे.